यलोस्टोनला मोटरहोमने जायचंय? आधी जागा, मग गाडी

मोटरहोमने यलोस्टोनला जायचं ठरलं की घरात पहिली चर्चा गाडीची होते. किती फुटी घ्यायची, झोपायला किती जणांची सोय आहे, बाबांना वरच्या माळ्यावर चढता येईल का, वगैरे. ही चर्चा थोडी पुढे ढकला. यलोस्टोनच्या सहलीत आधी ठरवायची गोष्ट म्हणजे रात्री गाडी कुठे लावणार ही. त्याचं उत्तर हातात येईपर्यंत गाडीला आगाऊ रक्कम देऊ नका.

कारण साधं आहे. उद्यानात गाडीतला रात्रीचा मुक्काम फक्त ठरलेल्या कॅम्पग्राउंडमध्येच करता येतो. रस्त्याकडेचे थांबे, गरम पाण्याच्या कारंज्यांसमोरची पार्किंगं, नदीकाठच्या मोकळ्या जागा दिवसा कितीही रिकाम्या दिसोत, तिथे गाडीत झोपायला मनाई आहे. ‘आपली गाडी म्हणजेच आपलं घर, कुठेही थांबू’ ही मोटरहोमची जाहिरातीतली कल्पना इथे चालत नाही. उद्यानाबाहेर वेस्ट यलोस्टोन, गार्डिनर वगैरे गावांत खासगी आरव्ही (म्हणजे मोटरहोम) पार्क आहेत, पण उन्हाळ्यात तेही भरलेले असतात. शिवाय तिथे उतरलात तर रोज सकाळी प्रवेशद्वारावरच्या रांगेत उभं राहावं लागतं. म्हणजे ज्या सोयीसाठी मोटरहोम घेतलं, तीच हातची जाते.

हा लेख मुख्यतः दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. एक म्हणजे अमेरिकेत राहणारी मराठी कुटुंबं, आणि दुसरे त्यांच्याकडे चार-सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील. बहुतेक वेळा हे दोघं एकाच गाडीत असतात, आणि नियोजनाची खरी कसोटीही तिथेच लागते.

आधी खर्चाबद्दल. हॉटेलपेक्षा मोटरहोम स्वस्त पडतं हा गैरसमज आहे. भाडं, मैलांनुसार आकार, इंधन, विमा आणि कॅम्पग्राउंडचे पैसे मिळवले तर साधी कार आणि मोटेलचा हिशेब बऱ्याचदा कमीच निघतो. मग घ्यायचं कशासाठी? आईला दर तासाला स्वच्छतागृह लागतं, बाबांना पथ्याचं जेवण लागतं, नातवंडं भर दुपारी पेंगतात, आणि पहाटे साडेपाचला बायसनच्या कळपाजवळच जाग यावी असं तुम्हाला वाटतं. यातली दोन-तीन कारणं तुम्हाला लागू असतील तर मोटरहोमला दुसरा पर्याय नाही. एकही नसेल तर कार घ्या आणि सुखात फिरा.

जागेचं बुकिंग

१ मार्च १८७२ रोजी स्थापन झालेलं यलोस्टोन हे जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. क्षेत्रफळ सुमारे ९,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सांगली जिल्ह्याहून थोडं मोठंच. बहुतेक भाग वायोमिंग राज्यात, थोडा माँटाना आणि आयडाहोत. आतला मुख्य रस्ता इंग्रजी आठच्या आकड्यासारखा असून १४२ मैलांचा आहे. वेगमर्यादा ताशी ४५ मैल. नकाशावर हे अंतर दिवसात उरकेलसं वाटतं, पण बायसनचा कळप रस्त्यावर आला की अर्धा तास तिथेच जातो. म्हणून एकाच जागी तळ ठोकून सगळं उद्यान बघू नका. पश्चिमेला एक तळ आणि पूर्वेला एक, असे दोन करा.

पश्चिमेसाठी मॅडिसन. वेस्ट यलोस्टोनच्या प्रवेशद्वारापासून १४ मैल आत आणि ओल्ड फेथफुल या गरम पाण्याच्या कारंज्यापासून १६ मैलांवर. गिबन आणि फायरहोल या नद्या एकत्र येऊन मॅडिसन नदी होते, तिथेच हे कॅम्पग्राउंड आहे. जागा सुंदर आहे, पण साइटवर वीज किंवा नळजोड नाही, आंघोळीची सोयही नाही. पूर्वेसाठी फिशिंग ब्रिज आरव्ही पार्क. यलोस्टोन सरोवराच्या काठाजवळच्या या एकाच कॅम्पग्राउंडमध्ये साइटवर वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी मिळते. त्यालाच तिथे फुल हुकअप म्हणतात. हा अस्वलांचा वावर असलेला भाग असल्याने इथे तंबू किंवा कापडी भिंतींच्या गाड्या चालत नाहीत. देखावा म्हणाल तर फारसा नाही. गाड्या जवळजवळ लावलेल्या असतात. तरी ज्येष्ठ माणसं बरोबर असतील तर मॅडिसनच्या दोन-तीन रात्रींनंतर फिशिंग ब्रिजवर आल्यावर सगळ्यांचे चेहरे खुलतात.

मॅडिसन, फिशिंग ब्रिज, कॅन्यन, ग्रँट व्हिलेज आणि ब्रिज बे ही पाच कॅम्पग्राउंडं ‘यलोस्टोन नॅशनल पार्क लॉजेस’ या नावाने झँटेरा ही कंपनी चालवते, आणि त्यांचं बुकिंग तिच्याच संकेतस्थळावर होतं. तिथे पुढच्या वर्षाचा एकेक महिना टप्प्याटप्प्याने खुला होतो. जुलै हवा असेल तर आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यातच नजर ठेवावी लागते. मॅमथसारखी बाकीची ठिकाणं सरकारी ‘रिक्रिएशन डॉट गव्ह’वर मिळतात, पण त्यांतल्या बऱ्याच जागा लहान गाड्यांसाठी आहेत. उशीर झाला असेल तर हताश होऊ नका. लोक बुकिंग रद्द करत असतात. रोज सकाळी आणि रात्री पाहत राहिलात तर सुट्या सुट्या रात्री हाती लागतात. मॅडिसनच्या दोन, ग्रँटची एक, असं जोडकाम करायची तयारी ठेवा.

बुकिंग करताना गाडीची लांबी विचारतात. मागे ट्रेलर किंवा कार जोडणार असाल तर तीही धरून एकूण लांबी सांगायची असते. गाडी जितकी लांब, तितक्या तिला चालणाऱ्या जागा कमी. गाडी नंतर घ्या म्हणतो ते यासाठी. २५ फुटांच्या आसपासची गाडी धरून बुकिंग केलंत की पुढची निवड सोपी होते.

कोणत्या महिन्यात

नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत उद्यानातले बहुतेक रस्ते चाकांच्या गाड्यांना बंद असतात. गार्डिनर ते कुक सिटी हा उत्तरेचा रस्ता तेवढा वर्षभर चालू. वसंतात रस्ते एकदम उघडत नाहीत. कॅन्यन आणि टॉवर यांच्यामधली डनरेवन खिंड तर बहुधा मे संपत आला की उघडते. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी शिगेला असते. मुलांच्या शाळा असतील तर जूनचा दुसरा पंधरवडा बघा. शाळेचं बंधन नसेल तर माझं मत सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्याला. गर्दी ओसरलेली असते आणि एल्क या हरणांचा माजाचा हंगाम सुरू होत असतो. त्यांचं ते शिट्टीसारखं ओरडणं मॅडिसनच्या आसपास पहाटे अंथरुणातूनही ऐकू येतं. मात्र रात्री पारा गोठणबिंदूखाली जाऊ शकतो, आणि एखाद्या सकाळी बर्फही पडलेलं असतं. उद्यानाचा बराच भाग आठ हजार फुटांच्या आसपास आहे. भर जुलैतही स्वेटर, कानटोपी आणि पायमोजे लागतात. आईवडिलांच्या बॅगेत हे कपडे पुण्याहूनच भरा, कारण ‘उन्हाळ्यात कशाला’ म्हणून ते हमखास मागे राहतात.

गाडी निवडताना

भाड्याच्या मोटरहोमचे तीन प्रकार. बसएवढी क्लास ए, व्हॅनमध्येच बसवलेली क्लास बी, आणि ट्रकच्या केबिनवर माळा काढलेली क्लास सी. कुटुंबासाठी क्लास सी बरी. चालवायला ए इतकी अवजड नाही, आणि चार-पाच माणसं नीट मावतात.

‘सहा जण झोपू शकतात’ या वाक्यावर जाऊ नका. गाडी चालू असताना प्रत्येकाला पट्टा लावून बसायचं असतं. त्यामुळे झोपायच्या जागा किती हे विचारून थांबू नका. सीटबेल्ट किती आणि ते कुठे आहेत हेही विचारा. आई मागच्या पलंगावर आडवी होईल आणि आपण गाडी हाकू, हा बेत कायद्यात आणि सुरक्षिततेत दोन्हीकडे बसत नाही. तिला टेबलाजवळच्या आसनावर पट्टा लावूनच बसावं लागेल, आणि ती आसनं कारच्या सीटइतकी आरामाची नसतात. पाठीचं दुखणं असलेल्या माणसाला पुढे चालकाशेजारी बसवा. लहान मूल असेल तर कारसीट बसवायला समोर तोंड असलेलं आसन आहे का, हेही आधीच विचारून घ्या.

भाड्याच्या करारात मैलांचा आकार, जनरेटर किती तास चालवला त्याचा आकार, भांडी आणि अंथरूण-पांघरुणाच्या संचाचा आकार हे सगळं वेगवेगळं लिहिलेलं असतं. तुमच्या कारचा विमा आणि क्रेडिट कार्डाचं संरक्षण मोटरहोमला बहुधा लागू होत नाही. दोन्हीकडे फोन करून विचारा आणि उत्तर लेखी घ्या. विम्यात छताचं नुकसान धरलेलं आहे का, हा प्रश्न विसरू नका. नवख्या चालकाकडून फांदी नाहीतर पेट्रोल पंपाचं छप्पर छतालाच घासतं, आणि नेमकं तेच बऱ्याच ठिकाणी वगळलेलं असतं.

इंधनाचा हिशेब गॅलनला ८ ते १० मैल असा धरा. सॉल्ट लेक सिटीहून निघून यलोस्टोन आणि शेजारचं ग्रँड टिटॉन उद्यान करून परत यायचं तर सगळं मिळून हजार मैलांच्या आसपास होतात. म्हणजे शंभर ते सव्वाशे गॅलन.

गाडी ताब्यात घेताना माहिती द्यायला माणूस येतो आणि भराभर बोलतो. त्याचा पूर्ण व्हिडिओ काढा. कोणता झडपेचा दांडा कुठला, गॅस कुठे बंद करायचा, बॅटरीचा खटका कुठे, हे रात्री दहा वाजता अंधारात आठवत नाही. मग पहिला अर्धा तास मोठ्या रिकाम्या पार्किंगमध्ये घालवा. वळताना गाडीचा मागचा भाग उलट दिशेला बाहेर फेकला जातो; तो किती जातो ते तिथे डोळ्यांनी बघून घ्या. गाडीची उंची कागदावर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा. साधारण बारा फूट असते, त्यामुळे बर्गरच्या ड्राइव्ह-थ्रूमध्ये घुसायचं नाही. मागे घेताना एकाने खाली उतरून चालकाला आरशात दिसेल अशा जागी उभं राहायचं. आरशात माणूस दिसेनासा झाला की गाडी थांबलीच पाहिजे. ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणणारे तीन जण तीन बाजूंना असण्यापेक्षा हा एक पुरे.

पाणी, मैला आणि वीज

मोटरहोममध्ये तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची, एक मोरी-बेसिनच्या सांडपाण्याची, म्हणजे ग्रे, आणि एक शौचालयाची, म्हणजे ब्लॅक. शेवटच्या दोन तुम्हालाच रिकाम्या करायच्या असतात. भारतातून आलेल्या आईवडिलांना हे आधी सांगून ठेवा, म्हणजे इंजिनिअर मुलगा हातमोजे घालून पाईप धरून उभा राहिलेला बघून त्यांना धक्का बसणार नाही.

काम किळसवाणं वाटतं, पण दहा मिनिटांचं आहे. डम्प स्टेशनवर गाडीची टाक्यांची बाजू भोकाशी येईल अशी लावायची. हातमोजे चढवून जाड पाईप आधी गाडीला फिरवून पक्का बसवायचा, मग दुसरं टोक जमिनीतल्या भोकात. आधी ब्लॅकची झडप उघडायची. पाईपमधला आवाज थांबला की ती बंद करून ग्रेची उघडायची, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाईप आपोआप धुतला जातो. हा क्रम उलटा करू नका. शेवटी ब्लॅकमध्ये थोडं पाणी आणि औषधाची पुडी टाकून ठेवायची. प्यायच्या पाण्याची नळी वेगळी, तिचा खण वेगळा, आणि तिला हात लावण्याआधी हातमोजे काढलेले असले पाहिजेत. मॅडिसन, फिशिंग ब्रिज, ब्रिज बे, कॅन्यन आणि ग्रँट इथे डम्प स्टेशनं आहेत.

फिशिंग ब्रिजवर सांडपाण्याची जोडणी मिळाली म्हणून ब्लॅकची झडप सतत उघडी ठेवण्याचा मोह होतो. ठेवू नका. पाणी निघून जातं आणि घट्ट भाग तळाला बसून राहतो. टाकी दोन-तृतीयांश भरेपर्यंत झडप बंदच बरी. आपल्या पद्धतीने शौचाला पाणी वापरलं तर टाकी लवकर भरते, पण तळाशी कमी साचतं. कागद वापरणाऱ्यांनी आरव्हीसाठीचा लगेच विरघळणारा कागदच वापरावा. ओले वाइप्स आत टाकायचेच नाहीत, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो.

गरम पाण्याची टाकी बहुधा सहा गॅलनची, म्हणजे जेमतेम २२ लिटरची असते. अंग ओलं करा, नळ बंद करा, साबण लावा, मग पुन्हा नळ सोडा. सलग आंघोळ करणारा माणूस पुढच्याच्या वाट्याला थंड पाणी ठेवतो. कॅन्यन, ग्रँट आणि फिशिंग ब्रिज इथे सार्वजनिक स्नानगृहं आहेत. डोक्यावरून आंघोळ तिथेच उरका.

विजेचं गणित समजून घ्या. ३० अँपिअरच्या जोडणीवर सगळं मिळून ३,६०० वॅट मिळतात. एअर कंडिशनर, मायक्रोवेव्ह आणि केस वाळवायचं यंत्र एकदम लावलं की खटका पडणारच. मॅडिसनला तर जोडणीच नाही, आणि जनरेटर सकाळी ८ ते रात्री ८ एवढ्याच वेळात चालवता येतो. रात्री हीटर गॅसवर चालतो, पण त्याचा पंखा बॅटरीवर. संध्याकाळी सगळे दिवे आणि फोनचे चार्जर चालू ठेवले तर पहाटे तीनला पंखा बंद पडून सगळे कुडकुडत उठतात. घरात कोणी झोपताना श्वासासाठी सीपॅप मशीन लावत असेल तर ही बाब आणखी गंभीर आहे. ते मशीन रात्रभर कशावर चालेल याचं पक्कं उत्तर मिळाल्याशिवाय बिनजोडणीच्या साइटवर रात्र काढू नका. सगळ्या रात्री फिशिंग ब्रिजलाच घ्या. इन्सुलिन ठेवणार असाल तर आणखी एक: मोटरहोमचे गॅसवर चालणारे फ्रिज गाडी तिरपी उभी असली की नीट थंड करत नाहीत. चाकाखाली ठोकळे घालून गाडी सपाट करून घ्या, आणि फ्रिजमध्ये एक छोटा तापमापक ठेवा.

स्वयंपाक

कुकर न्याच. आठ हजार फुटांवर पाणी साधारण ९२ अंशांनाच उकळतं, त्यामुळे पातेल्यात तुरीची डाळ तासभर रटरटली तरी दाणा टणकच राहतो, आणि गॅस मात्र संपत जातो. कुकरमध्येही नेहमीपेक्षा एक-दोन शिट्ट्या जास्त द्या. छोले-राजमा घरीच शिजवून गोठवून आणणं शहाणपणाचं. भारतातून आणलेला मिक्सर चालणार नाही. तिथली वीज १२० व्होल्टची असते. वाटण, चटण्या, भाजलेला मसाला, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, उपम्याचा भाजलेला रवा हे सगळं तयार नेलं की स्वयंपाक अर्ध्या तासात होतो. इडलीचं पीठ रात्री थंडीत फुगत नाही, तो नाद सोडा.

फोडणीचं काय, हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. गाडीत धुराचा अलार्म डोक्याच्या वर हातभर अंतरावर असतो आणि हिंग-मोहरी तडतडली की तो बोंबलतो. छताची खिडकी उघडून पंखा लावा, आणि मिरच्यांची फोडणी शक्यतो टाळा. बाहेरच्या टेबलावर शेगडी मांडून करायची असेल तर करा, पण मग पुढचा नियम पाळावा लागतो: काम झालं की त्या टेबलावर काहीही उरता कामा नये. खरकटं भांडं, तेलाची बाटली, पाण्याचा कॅन, कुत्र्याचं खाणं, अगदी पुसलेला तवासुद्धा. सगळं गाडीत किंवा अस्वलाला न उघडणाऱ्या लोखंडी पेटीत. ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून सोडलेलंही चालत नाही. माणसाच्या अन्नाची चटक लागलेल्या अस्वलाला शेवटी बऱ्याचदा मारावं लागतं, म्हणून रेंजर याबाबत अजिबात सवलत देत नाहीत.

किराणा सॉल्ट लेक सिटीतच भरा. तिथे भारतीय दुकानं आहेत. त्यापुढे कोथिंबीर आणि आटा मिळेल या भरवशावर राहू नका.

प्राणी आणि उकळतं पाणी

अस्वल आणि लांडग्यांपासून किमान १०० यार्ड, म्हणजे ९१ मीटर, आणि बायसन, एल्क यांच्यापासून किमान २५ यार्ड, म्हणजे २३ मीटर दूर राहायचं असा उद्यानाचा नियम आहे. बायसन म्हशीसारखा शांत उभा दिसतो, म्हणून आपली माणसं फोटोसाठी पुढे सरकतात. तो माणसाच्या तिप्पट वेगाने धावतो. अस्वलाला पळवणारा फवारा, म्हणजे बेअर स्प्रे, विमानात नेता येत नाही, ना हातातल्या पिशवीत ना सामानात. तिथे पोहोचल्यावर घ्या, कमरेला लावा आणि टोपण कसं उघडतं ते आधी शिकून घ्या. तो अस्वलावर फवारायचा असतो, डासांच्या औषधासारखा अंगाला लावायचा नसतो.

तरीही यलोस्टोनमध्ये मला सर्वांत जास्त भीती वाटते ती गरम पाण्याची. झऱ्यांभोवतीची जमीन दिसायला घट्ट असते, पण पातळ पापुद्र्याखाली उकळतं पाणी असतं. या पाण्यात भाजून आजवर वीसहून अधिक माणसं दगावली आहेत. लाकडी पायवाट सोडायची नाही, टोपी उडाली तर जाऊ द्यायची, आणि लहान मुलाचा हात सोडायचा नाही. जुलै २०२४ मध्ये बिस्किट बेसिनला भर सकाळी वाफेचा स्फोट होऊन दगड उडाले आणि पायवाट मोडली. म्हणून कोणता भाग बंद आहे ते निघायच्या दिवशी उद्यानाच्या संकेतस्थळावर बघा. आत फोनला रेंज फारशी नसते, म्हणून नॅशनल पार्क सर्व्हिसचं अॅप आणि नकाशे आधीच उतरवून ठेवा.

दिवस कसे लावावेत

मोटरहोममधून रोज फिरायचं म्हणजे रोज घर आवरायचं. कपाटांच्या कड्या, फ्रिजची कडी, छताची खिडकी, पायरी, विजेची तार, सगळं एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने हात लावून तपासायचं. त्यामुळे एकदा निघालात की दुपारपर्यंत परतू नका. गाडीतच जेवण आहे, गाडीतच वामकुक्षी आहे.

लांब गाड्यांची पार्किंग सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतरच मिळते असं धरून चाला. मॅडिसनहून एक सकाळ ओल्ड फेथफुलला द्या. ते कारंजं साधारण दीड तासाने उडतं, आणि पुढची अंदाजे वेळ तिथल्या केंद्रात लिहिलेली असते. ते बघून सगळे निघून जातात. तुम्ही मात्र अपर गीझर बेसिनच्या पायवाटेवर दोन तास चाला. सुरुवातीचा बराच भाग सपाट आहे, आजी-आजोबांना जमतो. ग्रँड प्रिस्मॅटिक या गरम झऱ्याचे फोटोत दिसणारे रंग जवळच्या पायवाटेवरून वाफेत हरवतात. वरून बघायचं तर फेअरी फॉल्सच्या वाटेवरचा छोटा चढ चढावा लागतो.

फिशिंग ब्रिजहून हेडन व्हॅली जवळ आहे. प्राणी बघायला पहाटे तिथे जा. पुढे कॅन्यनला ३०८ फुटी लोअर फॉल्स. लांडगे बघायचे तर ईशान्येची लमार व्हॅली. १९९५ मध्ये लांडगे पुन्हा आणून सोडले ते याच भागात. पण फिशिंग ब्रिजहून ती लांब पडते, मधे डनरेवनची खिंड आहे. अंधारात ती खिंड मोटरहोमने चढण्यापेक्षा लमारसाठी एखादी मार्गदर्शित सहल घेतलेली बरी. मॅमथचा अपर टेरेस ड्राइव्ह आणि ब्लॅकटेल प्लॅटो ड्राइव्ह हे रस्ते मोटरहोमला बंद आहेत. वळणावर पाटी असते, ती चुकवू नका, कारण पुढे मागे फिरायला जागा नसते.

रस्त्यावर मागे चार-पाच गाड्या साचल्या की पहिल्या थांब्यावर बाजूला व्हा. प्राणी दिसला तरी रस्त्यात मधेच थांबायचं नाही. उतारावर ब्रेक दाबून न ठेवता गिअर खालचा घ्या.

प्रवेश शुल्क आणि रस्ता

खासगी गाडीला सात दिवसांसाठी ३५ डॉलर हे नेहमीचं शुल्क. पण १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेचे रहिवासी नसलेल्यांसाठी नियम बदलले. यलोस्टोन आणि ग्रँड टिटॉनसह अकरा उद्यानांत १६ वर्षांच्या आणि त्यावरील प्रत्येक अनिवासी पाहुण्याला १०० डॉलर जादा पडतात. रहिवाशांचा वार्षिक पास ८० डॉलरचा, अनिवासींचा २५० डॉलरचा. भारतातून आलेले आईवडील दोन्ही उद्यानं बघणार असतील तर २५० चा पास बऱ्याचदा परवडतो. रहिवासी आणि पाहुणे एकाच गाडीत असतील तेव्हाचा नियम निघण्याआधी पार्क सर्व्हिसच्या पानावर वाचा. तुमचं अमेरिकी फोटो ओळखपत्र आणि त्यांचे पासपोर्ट हाताशी ठेवा.

सॉल्ट लेक सिटीहून आय-१५ ने आयडाहो फॉल्स आणि तिथून यूएस २० ने वेस्ट यलोस्टोन, सुमारे ३२० मैल. गाडी दुपारी हातात येते, म्हणून पहिल्याच दिवशी हा पल्ला गाठायचा हट्ट धरू नका; आयडाहो फॉल्सच्या अलीकडे थांबा. परतताना यलोस्टोनच्या दक्षिण प्रवेशद्वारातून ग्रँड टिटॉनला उतरा. तिथल्या कोल्टर बे आरव्ही पार्कमध्येही पूर्ण जोडणी मिळते. तिथून पुढे जॅक्सन गावाहून नकाशा टिटॉन पासचा रस्ता सुचवेल. त्याला १० टक्क्यांचा चढ-उतार आहे, मोटरहोमने तो टाळा. होबॅक जंक्शन आणि अल्पाइनवरून स्नेक नदीच्या काठाने जाणारा रस्ता थोडा लांब आहे, पण सोपा आहे आणि देखणाही.

गाडी परत करण्याची वेळ बहुधा सकाळची असते. टाक्या रिकाम्या, इंधन घेतलं तेवढं भरलेलं आणि गाडी आतून झाडलेली हवी, नाहीतर प्रत्येकाचे वेगळे पैसे कापतात. म्हणून शेवटची रात्र सॉल्ट लेक सिटीपासून तासाभराच्या आतच काढा. आय-१५ ला लागूनच विलार्ड बे हे राज्य उद्यान आहे, तिथे जोडणीच्या साइट मिळतात. त्या रात्रीचं बुकिंगही मॅडिसन आणि फिशिंग ब्रिजच्या बुकिंगबरोबरच करून टाका.